मामूचं वजन

दुपार टळून असरची नमाज होऊन गेली तरी अमिरातीतल्या फुजैराच्या बंदरामागचं काँक्रीट तापलेलंच होतं. तेलाच्या टाक्यांपलीकडे जहाजं नांगर टाकून उभी होती, अलीकडे बोडके तपकिरी डोंगर. मधल्या मोकळ्या जागेत एक जुना लोखंडी कंटेनर होता. दार एकच, खिडकी नाही. आत दोन खाटा, एक टेबल आणि मशीनने सोडलेला पांढरा दाट धूर. टर्मिनलच्या फायर स्टेशनवर राहून स्वयंसेवक होऊ पाहणाऱ्या पोरांची परीक्षा गनीभाई इथेच घेत.

परीक्षा साधी होती. एक हात भिंतीवरून न काढता रांगत जायचं, दुसरा खाटांखाली फिरवायचा. मामू सापडला की त्याच्या काखेतून पट्टा घालून ओढत बाहेर आणायचं. मामू म्हणजे वाळू भरलेला, माणसाच्या वजनाचा पुतळा. अंगात कुणाचा तरी जुना बॉयलर सूट.

"भाय, मामूचं वजन वाढलंय," मदतीला आलेला ओवेस म्हणाला. तो मागच्या तुकडीत पास झाला होता. "मेसची बिर्याणी कोण चारतं त्याला?"

रुहान हसला नाही. तो मास्कचे पट्टे आवळत होता. अजमानमध्ये वाढलेला पोरगा. शेजारची साजिदाखाला धुराने जिन्यात कोसळली, तेव्हा तो हातात फोन धरून नुसता उभा राहिला होता. पुढे इथे नोकरी धरून त्याने स्टेशनवर बेड मागितला, तो याच कारणाने. पण दोनदा तो धुरात घाबरला आणि मामूला तिथेच टाकून बाहेर पळाला.

"आज मामू आला नाही तर खलास," गनीभाई म्हणाले. "बॅग भरायची नि घरी जायचं. मला वाईट वाटेल, पण दुसऱ्याच्या जिवाशी खेळ नको."

"आय नो, सर. आज रिकाम्या हाताने येणार नाही."

"आधी इन्शाल्ला म्हण."

"इन्शाल्ला."

तो आत गेला. ओवेसने दार लोटलं.

वॉकीटॉकीवर रुहानचा आवाज येत राहिला. भिंत सापडली. पहिली खाट, खाली काही नाही. आवाज शांत होता. गनीभाईंना बरं वाटलं. ते जरा सावलीला म्हणून पाण्याच्या बंबामागे गेले.

तिथे फळीवर मामू पडला होता.

आदल्या दिवशी पाण्याच्या सरावात तो भिजला होता. ओवेसने त्याला वाळत टाकलं होतं. मामूला आत ठेवायचं काम नेहमी गनीभाईंचं. आज ओवेसने ठेवला असेल असं ते धरून चालले होते.

"ओवेस, मामूला आत ठेवलं नाहीस?"

"तुम्हीच ठेवता ना, भाय?"

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"सर, मिळाला. दुसऱ्या खाटेखाली. पट्टा घालतोय."

गनीभाईंनी मामूच्या छातीवर हात ठेवला. ओलसर वाळू हाताला लागली.

"रुहान, बाहेर ये. मामू इथे आहे."

"जड आहे, सर. थोडा टाइम द्या."

मग काही वेळ नुसता श्वास. मग:

"सर, याचं अंग गरम आहे."

ओवेसने दार उघडलं. धूर लोटत बाहेर आला. त्यातून आधी रुहानची पाठ दिसली. तो वाकून, मागे मागे सरकत येत होता. पट्टा दोन्ही हातांत ताणलेला. उंबऱ्याच्या पत्र्यावर काहीतरी घासलं. आधी एक टाच, मग दुसरी, असा आवाज.

धूर विरला. पट्ट्याचा फास गोल, ताठ होता. त्यात काहीच नव्हतं.

ओवेस टॉर्च घेऊन आत शिरला. खाटा उलथल्या, कोपरे पाहिले.

"कुणी नाही, भाय."

रुहानने मास्क काढला. काँक्रीटकडे पाहिलं आणि गुडघे टेकले. एक तळवा आडव्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर हवेत ठेवला, दोन बोटांनी हनुवटी उचलावी तशी उचलली, कान खाली नेला. शिकवलं होतं अगदी तसंच.

"रुहान. बेटा, ऊठ."

"ब्रीदिंग आहे, सर. कमी आहे. ऑक्सिजन द्या."

ऊन डोक्यात गेलंय, गनीभाईंना वाटलं. असा पोरगा स्टेशनवर ठेवता येत नाही. खलास हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता.

"इथे कुणी नाही, बाळा."

"मी याला सोडून जाणार नाही, सर. प्लीज."

गनीभाईंनी ऑक्सिजनची पेटी आणली. ती खरं तर रुहानसाठीच. त्यांनी नळी जोडली आणि मास्क त्याच्यापुढे केला. रुहानने तो घेऊन खाली ठेवला आणि हात काढून घेतला.

तापल्या काँक्रीटवर पारदर्शक, कोरडा मास्क. सिलिंडर अजून बंद होता.

मास्कच्या आत वाफ धरली.

विरली.

पुन्हा धरली.

"भाय," ओवेस हळूच म्हणाला.

गनीभाई गुडघ्यांवर बसले.

"मान अशीच धर," ते रुहानला म्हणाले. "हलवू नकोस."

त्यांनी चावी फिरवली. ऑक्सिजन सुरू झाला. तरी दर वेळी वाफ धरायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागत होता.