नऊ हजार चारशे बारा फूट

"हे ज्या गाढवानं लिहिलंय ना, तो मला एकदा भेटायलाच हवा!"

लीनेट व्होगेल हे कुणाला उद्देशून बोलली नव्हती. सप्टेंबरच्या सकाळी, कॅन्ससमधल्या कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात, आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून ती एक माहितीपत्रक वाचत होती आणि माहितीपत्रकाशीच भांडत होती. पण वाऱ्याने तिचे शब्द पुढे नेले. शेजारून चिलीच्या तिखट रश्श्याचा वाडगा आणि वर दालचिनी रोल असा तोल सांभाळत निघालेला एक उंच तरुण तिथेच थबकला.

"काय लिहिलंय गाढवानं?"

"ऐका. 'कॉम्प्युटर सुरू झाल्यावर पहिल्या चार बीपकडे दुर्लक्ष करावे.' आणि खाली काय? 'पहिल्या चार बीप अत्यंत महत्त्वाच्या आहेत.' आता सांगा, मी दुर्लक्ष करू की कान टवकारू?"

"पहिल्या चार म्हणजे बॅटरी ठीक आहे. त्या सोडून द्या. पुढच्या तीन ऐका. तीन म्हणजे दोन्ही पॅराशूटच्या तारा जोडलेल्या आहेत." तो जरा घुटमळला. "ते दुसरं वाक्य... खोडायचं राहून गेलं असणार."

"तुम्ही त्या गाढवाची बाजू घेताय?"

"घ्यावी लागते. माझ्याशिवाय त्याला कुणी नाही."

लीनेटने मान वर केली. त्याच्या टोपीवर तोंड उघडून गाणारा एक पिवळा पक्षी होता. तिच्या शेजारी ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डबीवरही तोच पक्षी होता आणि त्याखाली नाव... क्लासेन.

"अरे देवा," ती म्हणाली आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

"एमेट क्लासेन. धान्याच्या कोठारावर नोकरी करतो, आणि सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे कॉम्प्युटर बनवतो. रोल खाणार? मी अजून उष्टा केलेला नाही."

तिने अर्धा रोल तोडून घेतला. एखाद्याला तोंडावर गाढव म्हटल्यावर त्याचा रोल नाकारणं बरं दिसत नाही, आणि शिवाय तिने सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं. खायला सुचतच नव्हतं.

कारण आज तिचं तिसऱ्या लेव्हलचं उड्डाण होतं. हौसेनं रॉकेटं उडवणाऱ्या या मंडळींत तिसरी लेव्हल म्हणजे शेवटची पायरी. ती चढली की सर्वांत मोठी इंजिनं हातात येतात आणि क्लबातली म्हातारी मंडळी खुर्ची सरकवून जागा देतात. एप्रिलमध्ये तिने एकदा प्रयत्न केला होता. तारा निसटल्या, एकही पॅराशूट उघडलं नाही, आणि दोन वर्षांच्या शनिवार-रविवारांचं रॉकेट आभाळातून सरळ येऊन पंखांपर्यंत जमिनीत रुतलं. सगळ्या क्लबाने फावडी घेऊन ते उकरलं. तो फोटो अजून क्लबाच्या भिंतीवर आहे. आज दुसरं रॉकेट होतं, बारा फुटी, पिवळंजर्द, नाव 'हट्टी खेचर'. आणि आज नाही तर बहुधा कधीच नाही, कारण शेत विकलं गेलं होतं. सोमवारी नवा मालक पेरणी करणार होता आणि पुढचं मैदान कुठे, कधी मिळेल हे कुणालाच माहीत नव्हतं.

"घाबरलात?" एमेटने विचारलं.

"छे. मी सलायना गावात लोकांच्या कानातली यंत्रं दुरुस्त करते. तिथे म्हाताऱ्या आजोबांना मोठ्यानं ओरडून ओरडून माझी भीती कधीच मेली." मग हळूच म्हणाली, "...हो. खूप."

"मग मी थांबतो इथेच. मदतीला नाही हं. वाडगा संपेपर्यंत."

त्याने तो वाडगा संपवायला दोन तास लावले!

त्या दोन तासांत त्याने तारा धरल्या, तिने स्क्रू आवळले. पॅराशूट बाहेर उडवणाऱ्या बंदुकीच्या दारूच्या पुड्या भरताना दोघांनी श्वास रोखले, आणि एकमेकांचे रोखलेले श्वास पाहून दोघांना हसू फुटलं. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. त्याचे हात मोठे होते, पण बारीक तारेची टोकं पिळताना फार हळुवार व्हायचे, आणि लीनेट हे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पाहत होती.

"छिद्र एकच ठेवलंस?" त्याने रॉकेटच्या मधल्या कड्यावर बोट ठेवत विचारलं.

"एक किंवा तीन. दोन कधीच नाही. एवढं मलाही कळतं, क्लासेनसाहेब."

हे छिद्र म्हणजे हरभऱ्याएवढं भोक, पण सगळा जीव त्यात. कॉम्प्युटरला डोळे नसतात. वर जाताना हवा विरळ होते, ती त्या छिद्रातून त्याला समजते, आणि त्यावरून तो ठरवतो की आता शिखर आलं, आता छोटं पॅराशूट सोडायचं, आणि जमीन सातशे फुटांवर आली की मोठं. नियमाप्रमाणे लीनेटने दोन कॉम्प्युटर बसवले होते, एक दुकानातला आणि एक एमेटचा. एकाने दगा दिला तर दुसरा असावा म्हणून. छिद्र मात्र दोघांत एकच होतं.

क्लबातर्फे तपासणीला ओपल ड्रायर आल्या. वय एकाहत्तर, गळ्यात दुर्बीण, आणि तोंडात कौतुकाचा शब्द औषधालाही नाही. त्यांनी सगळं हलवून, ओढून, ठोकून पाहिलं, छिद्रात टाचणी घालून पाहिली, आणि कागदावर खूण केली.

"उडवायला हरकत नाही. खाली आलं की बघू." त्यांनी एमेटकडे नजर टाकली. "आणि हा का इथे? याला स्वतःचं काम नाही?"

"वाडगा संपतोय त्याचा," लीनेट म्हणाली.

"मघाशीच संपलाय. मी दुर्बिणीतून बघत होते."

रॉकेट उडवायचा पॅड मोकळा व्हायला दहा मिनिटं होती. एमेटने खिशातून एक स्टिकर काढला, तोच गाणारा पक्षी. या लोकांची ही रीत आहे. ज्याचा कॉम्प्युटर पोटात, त्याचा स्टिकर अंगावर. रॉकेटची अंगं अशा स्टिकरांनी भरून जातात.

"लावू? नाही म्हणालीस तरी चालेल. म्हणजे... चालणार नाही, पण मी दाखवणार नाही."

"लाव ना."

"कुठे?"

"कुठेही," ती म्हणाली. ती रॉकेटकडे पाहतच नव्हती. तोही पाहत नव्हता. एक कोपरा तिने धरला, एक त्याने, बोटांना बोटं लागली... आणि त्याने अंगठ्याने तो पक्षी पिवळ्या रंगावर नीट दाबून बसवला. मनं गुंतली की हातांवर कोण लक्ष ठेवतं?

पॅडवर रॉकेट उभं राहिलं तेव्हा वारा वाढला होता. लाउडस्पीकर खरखरला, "ताशी अठरा मैल. वीस झाले की आजचा कार्यक्रम बंद. व्होगेल, आटप!"

लीनेट शिडीवर चढली. तिने रॉकेटच्या अंगावरून लोहचुंबक फिरवलं आणि आतले कॉम्प्युटर जागे झाले. चार बीप. मग तीन. पुन्हा तीन.

"तीन!" खालून एमेट आनंदाने ओरडला. "उतर, पळूया!"

लीनेट उतरली नाही. तिने मान तिरकी केली.

"आवाज कोंडलाय."

"काय?"

"सर्दी झालेल्या माणसासारखा येतोय. सकाळी असा नव्हता."

"अगं, तीन बीप आल्या. तारा जोडलेल्या आहेत. मी मोजल्या."

"मोजल्यास. ऐकल्यास का?"

लाउडस्पीकर पुन्हा ओरडला, "एकोणीस! व्होगेल, दोन मिनिटं, नाहीतर खाली उतरव!"

ओपल शिडीच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. "निर्णय तुझा आहे, पोरी. मी काही सांगणार नाही."

सगळं शेत तिच्याकडे बघत होतं. आता उडवलं नाही तर तिसरी लेव्हल गेली. उडवलं, आणि कान खरे ठरले, तर पुन्हा फावडी. पण दिवसभर कोंडलेले आवाज मोकळे करणं हाच जिचा धंदा, तिने स्वतःच्या कानांवर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा? तिने डोळे मिटले आणि कड्यावरून बोटं फिरवत नेली. गुळगुळीत रंग... गुळगुळीत... मग एक कडा. कागदाची.

पक्ष्याच्या पोटाखाली मऊ खड्डा लागला. हरभऱ्याएवढा.

"एमेट," ती हळूच म्हणाली, "तुझा पक्षी छिद्रावर बसलाय."

एमेटचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही कॉम्प्युटर आंधळे करून त्याने तिचं रॉकेट मरायला पाठवलं होतं, आणि तेही स्वतःच्या नावाने!

"चाळीस वर्षांत," ओपल म्हणाल्या, "स्वतःच्या कॉम्प्युटरचं नाक दाबणारा कारागीर मी पहिल्यांदाच पाहिला."

"लीनेट, मी... मी निघून जातो. माझा कॉम्प्युटर काढून टाक, कुणाकडून तरी दुसरा घे, तुला..."

"गप. चूक स्टिकर लावणाऱ्यांची आहे. दोघांची. कॉम्प्युटरनं काय केलंय? तो बिचारा आतून बोंबलत होता." बोलता बोलता तिने नखाने स्टिकर खरवडून काढला, डिंक पुसला, छिद्रात टाचणी फिरवली.

बीप, बीप, बीप. स्वच्छ.

"आता पळ!" ती म्हणाली, आणि शिडी खांद्यावर घेऊन तिघंही पळत सुटली. एकाहत्तर वर्षांच्या ओपलसुद्धा!

"साडेएकोणीस," लाउडस्पीकर म्हणाला. "पाच... चार... तीन... दोन... एक..."

आधी ज्वाळा दिसली, मग गडगडाट छातीवर आदळला. हट्टी खेचर धुराची सरळ रेघ ओढत गेलं, ठिपका झालं, आणि दिसेनासं झालं. लीनेटने एमेटची बाही घट्ट धरली होती. आपण ती धरली आहे हे तिला माहीत नव्हतं. त्याला मात्र पुरतं माहीत होतं.

"शिखर आलं असेल," तो पुटपुटला. "आता... आता..."

निळ्या आभाळात पांढरा धूर फुटला. "छोटं उघडलं!" ओपल दुर्बिणीमागून म्हणाल्या. मग रॉकेट दिसलं, दोन तुकडे दोरीला लोंबत, वेगाने खाली येणारे. दोन हजार फूट. हजार. अजून काही नाही. लीनेटला एप्रिलचा तो दणका आठवला. आठशे...

फट्! मोठं नारिंगी पॅराशूट फडफडलं, फुगलं, आणि 'हट्टी खेचर' शहाण्यासारखं डुलत डुलत उतरायला लागलं. सगळ्या शेतातून आरोळी उठली. कुणी हॉर्न वाजवले, कुणी टोप्या उडवल्या. लीनेट रडत होती, हसत होती, आणि कुणाच्या तरी गळ्यात पडली होती. ती ओपल निघाली.

"पुरे, पुरे," ओपल तिची पाठ थोपटत म्हणाल्या. "जा, घेऊन ये. मोडलेलं नसेल तर सही करते. आणि त्यालाही ने, खुंटासारखा उभा आहे मघापासून."

रॉकेट मैलभर लांब पडलं होतं. दोघं धसकटं तुडवत धावत गेली. एक ओरखडा नव्हता! लीनेट गुडघ्यांवर बसली. आतून एमेटचा कॉम्प्युटर काहीतरी सांगत होता.

"उंची सांगतोय," एमेट धापा टाकत म्हणाला. "एकेक आकडा. मोज."

तिने छिद्राला कान लावला. "...सात, आठ, नऊ. नऊ हजार!" मग थोडं थांबून, "दोन, तीन, चार. चारशे..."

"लीनेट, मला तू आवडतेस."

"शू! ...एक..."

"सकाळी गाढव म्हणालीस तेव्हापासून. मला माहितीये, मी आज तुझं सगळं घालवलं असतं, आणि तोंड दाखवायचीही माझी लायकी नाही, पण आत्ता बोललो नाही तर..."

"एमेट! चुकला ना आकडा!"

त्याने मान खाली घातली आणि पॅराशूटच्या दोऱ्या उगाच गोळा करायला लागला. वाऱ्याने नारिंगी कापड दोघांच्या पायांशी फडफडत होतं.

"आता काय करायचं?" लीनेटने विचारलं.

"काही नाही. तो पुन्हा पहिल्यापासून सांगेल. बंद करेपर्यंत सांगतच राहतो."

बीप, बीप, बीप... नऊ. चार. एक. दोन. लीनेटने पूर्ण आकडा मोजला, मनात पक्का केला आणि रॉकेटवरचा कान उचलला. तिच्या गालावर काजळीचा गोल ठसा उमटला होता. तिने एमेटची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"नऊ हजार चारशे बारा," ती म्हणाली. "त्याचं ऐकून झालं. आता तू सांग... पहिल्यापासून. आणि मी काही तुला बंद करणार नाहीये."