पाठ केलेलं शास्त्र

“वाचा ना, प्रयागबाई… आता तुमची पाळी!”

चर्चच्या पाळकसाहेबांनी नवं कोरं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं मात्र, आणि प्रयागबाईंच्या छातीत धस्स झालं! दुःखसप्ताहाचा, म्हणजे गुड फ्रायडेच्या आठवड्याचा, सोमवार होता. सदर वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शेजारपाजारची मंडळी सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली होती. या सप्ताहात रोज एकेका घरी सांजेची प्रार्थना व्हायची, आळीपाळीनं शास्त्रवाचन व्हायचं, आणि पहिला मान दर वर्षी प्रयागबाईंच्या घरचा! तो मान त्यांनी कुणाला मागून घेतला नव्हता. त्यांच्या खणखणीत वाचनानं तो आपोआप चालत आला होता. जुन्या पवित्र शास्त्रातला अध्याय त्या वाचू लागल्या की बायका डोळ्यांना पदर लावत आणि पुरुष माना डोलावत… “वाचावं तर प्रयागबाईंनी!”

पण प्रयागबाईंना वाचता येत नव्हतं.

ही गोष्ट त्यांना सोडून एका देवालाच ठाऊक होती, असं त्या समजत. आईच्या आजारपणात धाकट्या भावंडांना कडेवर घ्यायला दुसरीतूनच त्यांची शाळा सुटली होती. सुटी सुटी अक्षरं ओळखीची. जोडाक्षर आलं की काटेरी कुंपण आडवं यायचं. त्यांचे यजमान गोपाळराव, इस्पितळातले कंपाउंडर, रोज संध्याकाळी मोठ्यानं शास्त्र वाचायचे आणि भाकऱ्या थापता थापता प्रयागबाईंना अध्यायच्या अध्याय पाठ व्हायचे. गोपाळराव गेले. त्यानंतर पहिल्या प्रार्थनेला त्यांचं पुस्तक हातात धरून त्या नुसत्या बोलत गेल्या… आणि सगळे म्हणाले, “काय वाचलं हो बाईंनी!” त्या दिवशी खरं सांगायला एक शब्द पुरला असता. तो शब्द घशाशी आला, आणि मानाची चटक लागलेल्या जिभेनं तो गिळून टाकला!

आणि आता हे नवं पुस्तक आलं होतं. तेच शास्त्र, पण सोप्या मराठीतलं, घरात बोलतो तसल्या वाक्यांचं. पाळकसाहेबांनी या सप्ताहासाठी घरोघर वाटलेलं. “देव काय इतवारीच्या बाजारातल्यासारखा बोलतो काय?” म्हणून प्रयागबाईंनी त्याची भर मंडळीत टवाळी केली होती. लोकांना ती भक्ती वाटली. ते भय होतं… नुसतं काळंकुट्ट भय!

त्यांनी घसा खाकरला. चष्मा आतच राहिला होता, तरी पुस्तकात डोळे खुपसले. आणि दुसरं काहीच येत नव्हतं म्हणून त्या जुनेच शब्द बोलू लागल्या. तेच भारदस्त, लयदार, गोपाळरावांच्या आवाजातून आलेले शब्द. प्रभूचा शिष्य पेत्र त्याची ओळख नाकारतो, तो अध्याय. चार वाक्यं झाली असतील-नसतील…

“हे काय वाचून राहिल्या वं बाई?” समोरच्या इंदूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “माझ्या पुस्तकात तर असं नाही लिहिलं! अन् तुमचं पान तर पार दुसरंच हाय!”

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. प्रयागबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. इतक्यात सून शामला दारापाशी उठून उभी राहिली.

“थांबा जी, आईच्या चष्म्याचं सांगायचं राहिलं,” म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

प्रयागबाई त्या दाराला लागूनच बसल्या होत्या. म्हणून तो आवाज त्यांना एकट्यांना ऐकू आला… पाट्यावर वरवंटा टेकल्याचा, आणि त्याखाली काच चिरडल्याचा.

शामला बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर फुटका चष्मा होता. “माफ करा जी… माझ्या हातून सकाळीच फुटला हा. भेवानं मी आईले सांगितलंच नाही. चष्म्याबिगर आई काय वाचतीन? बिचाऱ्या तोंडपाठ म्हणून राहिल्या होत्या.”

“अरे वा! तोंडपाठ!” पाळकसाहेब भारावून म्हणाले. इंदूबाईंनी पुस्तक मिटलं. माना पुन्हा डोलल्या.

तिथंच थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं! पण प्रयागबाईंची जीभ… ती कुठं थांबते? मघाच्या शरमेनं ती आणखीच धारदार झाली होती.

“पाहिलंत नं? लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण माहेरच्या, कुहीच्या भातखाचरातले हात ते! चिखलच कालवायचे. म्हणून मी हिच्या हाती शास्त्र देत नाही कधी. अक्षर अक्षर फोडत बसते, देवालेही जांभई येईन!”

लोक हसले. कोराडीच्या वीजकेंद्रातून नुकताच आलेला, शर्टावर राखेचे ठिपके असलेला त्यांचा मुलगा विश्वनाथ बायकोवर खेकसला, “एवढी एक वस्तू सांभाळता येत नाही तुले?” शामलानं मान खाली घातली. काचेनं चिरलेलं बोट तिनं पदराच्या टोकात गुंडाळून धरलं होतं. ते प्रयागबाईंनी पाहिलं… आणि त्या “आमेन” म्हणाल्या!

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. “उपवास हाय माझा,” म्हणाल्या. शामलानं आग्रह केला नाही. नेहमी करायची.

दुसऱ्या दिवशी विश्वनाथ कामावर गेला. दुपारी उन्हाचा चटका वाढला तशा प्रयागबाई बाहेरच्या खोलीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडल्या. आतून पुटपुट ऐकू येऊ लागली. भात चुलीवर ठेवून शामला काहीतरी वाचत होती, स्वतःशीच, बोट ओळीवरून सरकवत, पण अडखळत मात्र नव्हती! ज्या पोरीच्या हातून त्यांनी तीन वर्षं पुस्तक हिसकून घेतलं, ती नव्या पुस्तकातून अशी वाचत होती, जशी विहिरीवर शेजारणीला गावची बातमी सांगावी.

कालचाच अध्याय होता तो. प्रयागबाईंना शंभरदा पाठ असलेला.

प्रभूला धरून नेलं होतं. अंगणात शेकोटी पेटवली होती. लोक शेकत बसले होते, आणि पेत्रही त्यांच्यात जाऊन बसला. एका मोलकरणीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, हासुद्धा त्याच्याबरोबर होता. पेत्र म्हणाला, बाई, मी त्याला ओळखत नाही…

प्रयागबाई उठून बसल्या. हे असं होतं? इतकं साधं? एका मोलकरणीच्या भीतीनं? जुन्या शब्दांच्या नादात त्यांना वाटायचं, काहीतरी थोर, दूरचं, राजेरजवाड्यांच्या दरबारातलं घडतं आहे. आणि हा तर आपल्यासारखाच माणूस… चार लोक हसतील म्हणून घाबरलेला!

शामला वाचत होती. तिसऱ्यांदा नाही म्हटलं आणि कोंबडा आरवला. तेव्हा प्रभूनं मागं वळून पेत्राकडं पाहिलं.

एवढंच! रागावला नाही, ओरडला नाही. नुसतं पाहिलं… प्रयागबाईंच्या डोळ्यांपुढं प्रभूचा चेहरा आला नाही. कालची शामला आली. फुटका चष्मा तळहातावर धरून तिनंही एकदाच आपल्याकडं पाहिलं होतं. त्या नजरेत तक्रार नव्हती, म्हणूनच ती इतकी खोल रुतली होती! आयुष्यभर ज्या ओळी मुखातून वाहिल्या त्या आज पहिल्यांदा अंतःकरणात उतरल्या, आणि उतरता उतरता सगळं सोलून गेल्या. अरे देवा… मी ही गोष्ट लोकांना ऐकवत होते, आणि ही गोष्ट माझीच होती!

त्यांना वाटलं, आत्ता आत जावं आणि त्या पोरीचे पाय धरावेत. पण आत जाऊन गुपचूप माफी मागणं सोपं होतं. पोरीची बेइज्जती चारचौघांत झाली होती.

त्या दिवशीची प्रार्थना इंदूबाईंकडं होती. गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, “आज चष्मा नाही, तर प्रयागबाईंनी तोंडपाठच म्हणावं!” सगळ्यांनी कौतुकानं पाहिलं. यजमान गेल्यापासून जमवलेला मान समोर ताटासारखा वाढून ठेवला होता. फक्त तोंड उघडायचं होतं.

प्रयागबाई उभ्या राहिल्या.

“मले वाचता येत नाही,” त्या म्हणाल्या.

“हो नं, चष्मा…” इंदूबाई सुरू झाल्या.

“चष्म्याचं नाव नका घेऊ!” प्रयागबाईंचा आवाज फाटला. “कधीच येत नव्हतं. विश्वनाथचे बाबा वाचत, ते ऐकून पाठ केलं होतं मी. इतकी वर्षं पुस्तक हातात धरून तुमच्यासमोर सोंग केलं. काल सोंग उघडं पडत होतं, म्हणून या पोरीनं… या माझ्या सुनेनं वरवंट्याखाली चष्मा फोडला. मी आवाज ऐकला होता. ऐकूनसुद्धा तिलेच बोलली मी! तिच्या माहेराले बोलली, तिच्या हाताले बोलली… चिखल माझ्या जिभेत होता वं, तिच्या हातात नाही!”

विश्वनाथ आईकडं, मग बायकोच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडं पाहत राहिला. मग कपाळाला हात लावून त्यानं मान खाली घातली. इंदूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“पाळकसाहेब,” प्रयागबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “आज शामला वाचीन. तिले येते. माझ्यापेक्षा चांगलं येते.”

शामलानं मानेनं नकार दिला. ती रडत होती. शेवटी पाळकसाहेबांनीच अध्याय वाचला.

घरी येताना विश्वनाथ मुद्दाम दोन पावलं पुढं चालला. सासू-सून मागं राहिल्या.

“तुले माहीत होतं?” प्रयागबाईंनी विचारलं.

“लग्न होऊन आली त्या वर्षीच. पुस्तकाची धूळ झटकताना पाहिलं. तुम्ही पेत्राचं वाचत, अन् पुस्तकातली खुणेची फीत स्तोत्रांत राहे.”

“मग बोलली काहून नाही? मी तुले एवढं टोचून राहिली होती…”

“काय बोलू, आई? तुमच्यापाशी तेवढंच तर एक होतं.”

प्रयागबाई रस्त्यातच थांबल्या. एवढ्याशा पोरीनं आपल्या मोठेपणाची गरिबी ओळखली होती आणि झाकलीही होती! लाजेनं त्यांना मान वर करवेना.

“माफ करशीन?”

“राग हाय, आई. खोटं नाही सांगत. काल हसले नं सगळे… ते अजून कानात हाय.”

“राहू दे,” प्रयागबाई हळूच म्हणाल्या. “तुझा हक्क हाय तो.”

घरी आल्यावर त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. कालपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, पण घास मागायचं तोंड राहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “शामला… पुढं त्या पेत्राचं काय झालं वं?”

“तुम्हाले तर पाठ हाय, आई.”

“पाठ हाय. समजलं नाही कधी. वाच.”

शामलानं पानं उलटली. विश्वनाथ उंबऱ्याशी येऊन बसला. आणि ती वाचू लागली, तिच्या त्या विहिरीवरच्या साध्या आवाजात… प्रभू मरणातून उठला होता. पेत्र आणि बाकीचे रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परत येत होते. काठावर पाहतात तर प्रभूनं निखारे पेटवले होते, वर मासे भाजत ठेवले होते, भाकर होती. त्यानं पेत्राला जाब विचारला नाही. आधी म्हणाला, या, न्याहारी करा.

“आधी जेवायला बोलावलं?” प्रयागबाईंनी विचारलं. “ज्यानं ओळख नाही म्हटलं… त्याले?”

“हो जी. विचारपूस जेवण झाल्यावर.”

प्रयागबाईंनी पदरात तोंड लपवलं आणि त्या लहान मुलीसारख्या हुंदके देऊ लागल्या. शामलानं पुस्तक मिटून फळीवर ठेवलं. आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, वरणाला फोडणी बसली. मग पट्टी बांधलेल्या हातानं तिनं सासूपुढं पाट मांडला, ताट ठेवलं, भातावर तुपाची धार सोडली आणि म्हणाली,

“उठा, आई. जेवून घ्या. थंड होऊन राहिलं.”