टेकडीच्या पोटातले दार

पहाटे नदीवर धुके होते आणि राजधानीमागच्या टेकडीवर मशाली अजून जळत होत्या. दक्षिण चीनमधल्या नानयुए राज्याचा राजा वारला होता. टेकडीच्या पोटात खोदलेल्या थडग्यात त्याला त्या दिवशी ठेवायचे होते, आणि रिवाजाप्रमाणे त्याच्या सेवेतली काही माणसेही त्याच्याबरोबर जायची होती. त्यांत मुदपाकखान्यातली फेन होती.

थडग्याचे दार तिच्या नवऱ्याने, लुओ पाथरवटाने, घडवले होते. दारामागे जमिनीत त्याने दगडी खटका बसवला होता. दार मिटले की खटक्याचे टोक आपोआप वर उठून दाराला आतून अडवायचे. मग ते बाहेरून कुणालाच उघडता यायचे नाही. जाणाऱ्यांची नावे पुकारली गेली, तेव्हा दार बसवून झाले होते.

सकाळी मडकी आत पोचवताना दोघांची गाठ पडली.

“काय आहे त्यात?” लुओने विचारले. दुसरे काही सुचेना.

“भाजलेल्या चिमण्या. मेल्यावरही महाराजांना त्याच लागतात. कंटाळा कसा येत नाही, कोण जाणे.”

लुओला हसू आले नाही. तो हळूच म्हणाला, “खटक्याखाली पाचर मारलीय. तो उठायचा नाही. गुंगीचा पेला देतील, तो गिळू नकोस. पहारा हलला की येतो मी.”

“आणि तुम्हाला धरलं तर?”

“तू पाचरीला हात लावू नकोस. एवढंच ऐक माझं.”

दुपारी माणसे पेले पिऊन आत गेली. फेन सगळ्यांत शेवटी गेली. दार मिटले. खटक्याचा आवाज आला नाही.

कारभारी चेंग कान देऊन उभा होता. “आवाज कुठाय?”

“दगड नवा आहे, सरकार. बसायला वेळ घेतो.”

“वेळ घेतो?” चेंग ओरडला. “ढकला रे दार! उघडलं, तर हा एकटा नाही, याच्या हाताखालचे सगळे पाथरवट आत जातील!”

त्या पाथरवटांत फेनचा धाकटा भाऊ दुओ होता. त्याला पाचरीचे काहीच ठाऊक नव्हते. तो भावजीकडे नुसता पाहत राहिला.

लुओने चेंगचे पाय धरले. “सरकार, यांचा काही दोष नाही. दार मी...”

शिपायांनी दाराला खांदे लावले, तेवढ्यात आतून दगडावर दगड आदळल्याचा आवाज आला. शिपाई रेटत राहिले. दार हलले नाही.

“बसला की!” चेंग म्हणाला. “मग रडतोस कशाला? चोख काम आहे.”

लुओ दारापाशी उभा राहिला. हाक मारली असती तर दुओसकट सगळे गेले असते. त्याने हाक मारली नाही. मग माती लोटायला सुरुवात झाली, आणि मातीच्या पाट्या त्यालाही वाहाव्या लागल्या.

पुढे उत्तरेकडून हान सम्राटाचे सैन्य आले. राजधानी जळाली, राज्य बुडाले, टेकडीवर झाडे माजली. लुओचे काय झाले, ते सांगणारे कुणी उरले नाही.

दोन हजार वर्षांनी टेकडी खणताना छताच्या शिळा लागल्या. उत्खनन करणारे छतातूनच खाली उतरले. बाकीचे सांगाडे मडक्यांजवळ, आपापल्या जागी होते. एका बाईचा तेवढा दाराशी होता, हात खटक्याकडे.

त्यांच्यातला वडीलधारा बराच वेळ तिच्यापाशी बसला. “बिचारी,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत दार उघडायला धडपडली असेल.”