भिंतीतली शेकोटी

घणाचा पहिला घाव भिंतीवर बसला, आणि चहाचा ट्रे घेऊन आलेल्या पुष्पलताच्या काळजात जणू तो घाव उतरला! तिने ट्रे तसाच फरशीवर ठेवला.

"थांबव गा मिस्त्री! थोडंसं थांबव..."

मौद्याहून आलेला मिस्त्री घण खाली टेकवून बघत राहिला. भावाची लेक हिमानी हसत जवळ आली. "काहून घाबरून राहिली तू, आत्या? अवं, तुझ्याच खोलीसाठी तर करून राहिलो हे! इकडून हॉल, तिकडून तुझी खोली, मधात काच. एकच शेकोटी, पण ऊब दोन्हीकडे. थंडीत तुझे गुडघे किती दुखतात, मले दिसत नाही का?"

या पोरीला काय सांगावं? तिच्या जन्माच्याही आधी बुजवलेली ती शेकोटी नव्हतीच, ती पुष्पलताच्या आयुष्याची समाधी होती...

वनखात्यात असलेल्या वडिलांची अर्धी नोकरी चिखलदऱ्याच्या थंडीत गेली होती. निवृत्त होऊन त्यांनी हुडकेश्वरला घर बांधलं, ते हट्टाने भिंतीत शेकोटी ठेवून. नागपुरात शेकोटी म्हणून लोक हसले. पण तेव्हा चहूकडे नुसती शेतं होती आणि डिसेंबरातला वारा हाडं गोठवायचा. वडील गेल्यावर घरात उरली शाळेत शिकवणारी पुष्पलता, धाकटा भाऊ मनोहर आणि त्याची बायको सरिता. लग्नानंतर सहा वर्षांनी सरिताला मुलगा झाला. घर कसं आनंदाने उजळून निघालं होतं!

बाळ नऊ दिवसांचं असताना सकाळी सरिता न्हाणीत होती आणि मालिशवाल्या कांताबाई तिला तेल लावत होत्या. बाळाला ऊब मिळावी म्हणून पुष्पलताने शेकोटीत कोळसे पेटवले, दार ओढून घेतलं आणि ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली. अर्ध्या तासाने दार उघडलं, तेव्हा ते इवलंसं शरीर निपचित पडलं होतं...

"कोळशाचा वायू बाहेर पडलाच नाही," डॉक्टर म्हणाले. पुरुष मंडळी बाळाला पुरायला घेऊन गेली. पुष्पलता शेकोटीपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिने धुराड्यात हात घातला. बोटांना लागलेलं कापड तिने खाली ओढलं. गोधडी! सरिताच्या माहेरच्या लुगड्याची, जांभळ्या काठांची गोधडी. आदल्या दिवशी, अंगात ताप असताना सरिता पुटपुटत होती, 'वरून वारा येऊन राहिला, लेकराले बाधेल...' तिनेच ती तिथे कोंबली होती, आणि सकाळी ताप उतरला तेव्हा तिला ग्लानीतलं काहीच आठवत नव्हतं.

त्याच क्षणी मनोहर परत येऊन दारात उभा राहिला. पुष्पलताने गोधडी वरच्या विटांच्या खाचेत जोराने सारली आणि काळे झालेले हात पुढे धरले.

"धुराड्यात बोळा मीच कोंबला होता गा, मनोहर. काढायचा विसरली मी..."

भाऊ तसाच आत सरिताकडे गेला. सरिताच्या किंकाळीने घर दुभंगलं. दुसऱ्याच दिवशी मनोहरने शेकोटीचं तोंड विटांनी बुजवून टाकलं. कानोकानी बातमी पसरली. रामटेकच्या शिक्षकाशी ठरलेलं पुष्पलताचं लग्न मोडलं. आणि सरिता? एका छताखाली राहून तेवीस वर्षं तिने नणंदेशी अवाक्षर काढलं नाही. पुष्पलताने मात्र कधी तोंड उघडलं नाही...

"आत्या, फोडू ना?" हिमानीने विचारलं.

नाही म्हणायला तिच्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं. एकेक वीट निखळू लागली. मिस्त्रीने कोपरापर्यंत हात आत घातला.

"वर काहीतरी अडकलं आहे बाई."

"असू दे! जुना कचरा असंल, फेकून दे..." पुष्पलता धावली, पण काजळीने माखलेलं ते बोचकं धपकन फरशीवर पडलं होतं. घडी उलगडली. आतला जांभळा काठ अजून तसाच होता.

दाराशी उभी असलेली सरिता पुढे आली. हळूहळू खाली बसून तिने तो काठ बोटांत धरला.

"ही माझ्या आईच्या लुगड्याची..." ती धुराड्याकडे बघू लागली. "वारा येत होता... स्टुलावर चढली होती मी... हे मीच..."

"नाही वं! मीच उचलली होती तुझ्या पेटीतून. मीच कोंबली!"

"खोटं नका बोलू अक्काजी!" तेवीस वर्षांनी पहिल्यांदाच ती हाक आली होती. "पेटीची किल्ली माझ्या मंगळसूत्रात राहत होती. काहून केलं असं? काहून माझं पाप डोक्यावर घेतलं?"

पुष्पलताचा बांध फुटला. "पाप कसलं वं? माया होती ती! लेकरू गेल्याबरोबर तू दोनदा विहिरीकडे धावली होती. कांताबाईनं धरून आणलं तुले. खरं समजलं असतं तर तू जगली असती का? लेकरू गेलंच होतं... तुले कसं जाऊ देऊ?"

सरिताने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. हंबरडा ऐकून धावत आलेल्या मनोहरने उंबऱ्यातूनच गोधडी पाहिली आणि त्याला सगळं उमगलं. "ताई..." तो म्हणाला. पुष्पलताने भावजयीला उठवून छातीशी धरलं. पण तिच्या डोळ्यांत सुटकेचा लवलेशही नव्हता. जे ओझं सरिताच्या वाट्याला येऊ नये म्हणून तिने तारुण्य जाळलं, ते शेवटी सरिताच्याच खांद्यावर जाऊन बसलं होतं!

सरिताने पदराने तोंड पुसलं. 

"त्याचं बारसं राहूनच गेलं, अक्काजी. नाव तर आत्याच ठेवते ना... काय ठेवणार होता तुम्ही?"

आजवर हे कुणीच विचारलं नव्हतं. पुष्पलता तिच्या कानाशी वाकली, तान्ह्या बाळाच्या कानाशी वाकावं तशी, आणि हलकेच म्हणाली,

"हर्षित."