पुष्पावतीच्या शेजारी

पुष्पा गेली त्या शुक्रवारी मी वर प्रोजेक्टरच्या केबिनमध्येच होतो. मॅटिनी चालू होती. गेटकीपर त्र्यंबक धापा टाकत जिना चढला, दार उघडलं आणि मला बघून उंबऱ्यातच थबकला.

"वहिनी गेल्या," म्हणाला. "बाल्कनीत, खुर्चीतच." मग हळू आवाजात, "तुम्ही वर कधी आलात?"

"मी खाली गेलोच कुठं?"

"अय्यो, वेंकोजीराव! आत्ता तर शेजारी बसला होता की. त्यांचा हात धरून."

शिवरामपेठेतल्या या टॉकीजात मी एकतीस वर्षं ऑपरेटर. आधी इथं नाटककंपनीचा तंबू होता, असं वडील सांगत. पुढं टॉकीज आली, तशी हॉटेलं आली, बायकांची वेगळी रांग आली, ब्लॅकवाले आले. आता निम्म्या पेठेत मोबाईलची दुकानं आहेत.

ऑपरेटरच्या बायकोला पास फुकट. पुष्पा दर शुक्रवारी यायची. "एकदा तरी शेजारी बसा," म्हणायची. वीस मिनिटांनी रीळ बदलायचं, मी कसा उतरणार? पुढं रिळं गेली, कॉम्प्युटर आला. तरी उतरलो नाही. दहा वर्षांपूर्वी तिनं विचारायचं सोडलं. समजूतदार झाली, असं मला वाटलं.

खाली जाऊन तिच्या शेजारी बसलो. पहिल्यांदाच. खुर्ची गरम होती.

"त्र्यंबक, कधीपासून?"

"कधीपासून काय? दहा वर्षं झाली. इंटरव्हलला शेंगा घ्यायला तुम्हीच येता. म्हातारपणी लव्ह म्हणून आम्ही चिडवतो. तुम्ही नुसते हसता."

"तो बोलतो काही?"

त्र्यंबकनं आठवून पाहिलं. "नाही. कधीच नाही."

छत्तीस वर्षांचा संसार. माझा हात तिला ओळखू येत नव्हता? येत असणार. तरी घरी येऊन एका शब्दानं बोलली नाही. माझ्या ताटात भात वाढत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्मशानात अस्थी आणायला गेलो. टी. नरसीपूरला संगमावर सोडायच्या होत्या.

"सहालाच नेल्या की तुम्ही," वॉचमन म्हणाला.

त्यानं रजिस्टर पुढं केलं. सही माझी.

नात्याच्या रकान्यात 'नवरा'.

तसाच बस धरून संगमावर गेलो. अंधार पडेपर्यंत घाटावर थांबलो. अस्थी घेऊन कुणी आलं नाही.

पुष्पाच्या अस्थी मी अजून सोडलेल्या नाहीत.