कमळाकरला परत पाठवलं

यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. माझ्या वडिलांनी जसं सांगितलं, तसंच लिहिते आहे.

१९६३ सालचा मे. रविवार, दुपारचे चार. पेण, रामवाडी.

माझे वडील, दिनानाथ सर, ओटीवर वाचत बसले होते. आई माहेरी रोह्याला गेलेली. घरात ते एकटेच.

अंगणातून पावलं वाजली... पचक... पचक...

पाऊस कुठला? माती उन्हानं तडकली होती.

दारात कमळाकर उभा. धरमतरच्या मिठागरात राबणाऱ्या हिरामणचा मुलगा, सरांचा लाडका विद्यार्थी. चीनशी लढाई झाली, सैन्याला अधिकारी हवे होते. सरांनीच त्याला फॉर्म भरायला लावला. चार महिने तो घाटावर प्रशिक्षण घेत होता. दर आठवड्याला सरांचं पत्र जायचं. हरायचं नाही!

"अरे वा, साहेब! रजा मिळाली?"

"सर, मला घरी येऊ द्या."

बूट चिंब होते. पण ओटीवर पाण्याचा एक थेंब नव्हता...

"पाठीवर ओझं घेऊन नदी पार करायचीय, सर. मला पवायला येत नाय."

सर हसलेच. "खाडीकाठचा ना रे तू?"

"मिठागरात पाणी घोट्याएवढं. त्यात पवनार कसं? तुम्ही पत्रात लिवलंत, 'तू तर पाण्यातलाच.' मग तिथं सांगायची लाज वाटली."

सर रोह्याकडचे, भातशेतीवाले. खाडीवरचं पोर म्हणजे पोहणारच, असं ते धरून चालले होते.

चूक कळली. पण ती कबूल करवेना.

"म्हणून पळून आलास? महिन्याभरात शिकशील. बापानं जन्मभर मीठ ओढलं ते यासाठी? जा परत."

"खरंच जाऊ, सर?"

"जा."

निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं, म्हणून सर आतून वाटी घेऊन आले. त्यानं तळहात पुढे केला. सरांनी चमचाभर दही ठेवलं...

ते थेट जमिनीवर पडलं.

सरांनी मान वर केली.

समोर कुणीच नव्हतं.

पचक... पचक... आवाज मात्र फाटकाबाहेर जात होता.

सोमवारी सकाळी हिरामण आला. हातात तार. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं.

"सर, बघा बरं. आमचा पोरगा साहेब झाला काय?"

सरांनी तार उघडली. नदी पार करताना बुडून मृत्यू.

शनिवारी सकाळी.

सरांनी ती तीनदा वाचली. हिरामण हसऱ्या तोंडानं बघत होता.

"वाचा ना, सर."

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी विज्ञान शिकले, शिकवलं. पण शेवटच्या दिवसांत ते माझा हात धरून पुन्हा पुन्हा विचारायचे.

"तो घरी येऊ द्या म्हणत होता गो. मी म्हटलं, परत जा... मग तो गेला कुठं?"