बुडालेल्यांची नावं

त्या शुक्रवारी दुपारी मी भाट्याला गेले ती एक कीर्तन ऐकायला. मी कॉलेजात मराठी शिकवते आणि कोकणातली तोंडी चालत आलेली गाणी रेकॉर्ड करून ठेवते.

सिपोराबाई तळकर बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू. सगळे नातेवाईक केव्हाच इस्रायलला गेले, या एकट्या मागे राहिल्या. आयुष्यभर नर्स होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातांवर जन्मलं, मीसुद्धा. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची आठवण मधूनमधून विरायला लागली होती. मुलगा त्यांना न्यायला येणार होता. त्याआधी त्यांना आईनं रचलेलं कीर्तन कुणाच्या तरी हवाली करायचं होतं.

सुरूच्या बनाला लागून त्यांचं कौलारू घर. त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेल्या डबीला, बोटं लावली, ओठांना टेकवली आणि मला आत घेतलं.

"मावशी, हे लिहून का नाही ठेवलंत?"

"गो रेणुका, आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, असं आमच्यात सांगतात. माणसं बुडाली, पोथ्या बुडाल्या. जे वाचले त्यांच्या तोंडात 'शमा' ही एक प्रार्थना उरली. तेवढ्यावर आम्ही शेकडो वर्षं काढली. मग कागदाचा भरवसा कसा धरू?"

माझ्या आजोबांची जलशातली गाणी आजोबांबरोबरच गेली. आम्ही कुणी ती पाठच केली नव्हती.

मी रेकॉर्डर लावला. बाई गाऊ लागल्या. आवाज थकलेला, पण सुराला पक्का. मागच्या दारी समुद्राची गाज चालूच होती.

"फुटलं तारू, मोडली डोलकाठी,
सुटल्या गं हाता-हातांच्या गाठी,
तळाशी निजल्यांना कोण हाक देई..."

त्या अडल्या. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. "गेलं गो... इथंच जातं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून, पडद्यामागून, एका बाईनं हलक्या आवाजात ओळ पुरवली.

"वाचला जो, त्याची जीभ त्यांची होई."

बाईंनी मान डोलावली आणि पुढे गाऊ लागल्या. मला वाटलं, शेजारची मालन असेल. मग खिडकीतून दिसली मालन. पुळणीवर सुकत घातलेली मासळी गोळा करत होती.

पुढच्या कडव्यात बाई पुन्हा अडल्या. या वेळी आवाज एकटा नव्हता. बायका होत्या, पुरुष होते, एखादं पोरही असावं. खोलीत शेवाळाचा, भिजल्या लुगड्यांचा वास पसरला. पडद्याखालून पाण्याची एक बारीक रेघ सरकत माझ्या पायापाशी आली.

"मावशी... आत कोण आहे?"

"घरातलीच आहेत."

"तुम्ही तर एकट्या..."

"मी त्यांना विसरले नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, "आता ती मला विसरू देत नाहीत."

मला उठून पळायचं होतं. पण झटक्यानं वाकडा झालेला तो चेहरा इतका निर्भय होता, की माझीच मला लाज वाटली. सूर्य टेकला तशा त्या उठल्या. काचेच्या पेल्यात पाण्यावर खोबरेल ओतून शब्बाथचा, त्यांच्या विश्रामदिनाचा, दिवा लावला आणि मला रेकॉर्डर बंद करायला सांगितला.

"शेवटी नावं येतात. बुडालेल्यांची. ती माझ्या आईनं मला तोंडी दिली, तिला तिच्या आईनं. घेशील?"

"मी तुमच्यातली नाही, मावशी."

"आमच्यातलं कोण उरलंय इथं? तुझी नाळ मी कापलीय. घेशील का, तेवढं सांग."

मी होकाराची मान हलवली. त्यांनी माझं मनगट धरलं आणि एकेक नाव सांगू लागल्या. मी मागून म्हणत गेले. एका नावावर माझी जीभ वळेना. मी ते तसंच ढकलून पुढे गेले, तर माझ्या कानाशी, अगदी जवळ, एक लहान मुलगी कुजबुजली...

"नाही. परत."

मी डोळे गच्च मिटले आणि ते नाव परत म्हटलं. नीट म्हटलं. पडद्यामागे कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. मग एकेक करून, ओल्या पावलांचे आवाज मागच्या दारानं पुळणीकडे उतरत गेले.

सिपोराबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. "आता जाते मी सुखानं," म्हणाल्या.

त्या मुलाबरोबर विमानानं इस्रायलला गेल्या, आणि थंडी सरायच्या आत तिकडेच वारल्या. मुलानं फोनवर सांगितलं, शेवटी त्यांना स्वतःचं नावही आठवत नव्हतं, पण 'शमा' मात्र स्पष्ट म्हणाल्या.

मी दर शुक्रवारी दिवेलागणीला भाट्याच्या पुळणीवर बसून नावं म्हणते. एकही चुकत नाही. फक्त अलीकडे एक होऊ लागलंय. यादी संपते आणि माझी जीभ थांबत नाही. शेवटी एक नाव येतं, बाईंनी कधीच न सांगितलेलं. दर वेळी वेगळं. यादीतून सुटलेल्या कुणा बुडालेल्याचं असावं; मी म्हणायच्या आधी कुणी ते या किनाऱ्यावर उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. ते उच्चारून होईपर्यंत माझ्या तोंडात खारं पाणी भरतं, आणि लाटांमधून कुणीतरी ओ देतं.